वारज्यातलं बारसं आणि इग्बो बायांचं गाणं

अमरावतीहून सुटलेली ट्रॅव्हल्सची बस सकाळी नगर रोडवरून पुण्यात शिरली. मागच्या खेपेला जिथं ज्वारी उभी पाहिली होती, तिथं काचेच्या इमारती उगवल्या होत्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली कंपनीच्या गाड्यांची वाट बघत उभी होती. शेजारच्या सीटवरचा यवतमाळचा मुलगा म्हणाला, यातले निम्मे आपल्याकडचेच आहेत, काकू. त्याचीही त्या दिवशी मुलाखत होती.

मी चालले होते धाकट्या भावाकडे, त्याच्या मुलीच्या बारशाला. नंदू सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आई त्याच्याजवळ वारज्यात राहते. रिक्षावाल्याला वारजे म्हटल्यावर त्यानं, "कुठलं वारजे? आता बरीच झालीत," एवढंच म्हणून मीटर टाकला.

सोसायटीच्या फलकावर खडूनं लिहिलं होतं : 'वरच्या मजल्यावरील संगीत इतरांनाही ऐकू येते, याची संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी.' नंदूची बायको मंजिरी म्हणाली, वर आफ्रिकेतल्या मुली भाड्यानं राहतात, कॉलेजात शिकतात. सेक्रेटरींना त्या नको आहेत.

संध्याकाळी मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते आणि ते संगीत आलं. गाणं आजकालचंच होतं, यंत्रावर वाजवलेलं. पण त्याच्या तळाशी एक ठेका होता. लोखंडाची टणटण आणि तिच्या खाली मातीच्या घड्यातून निघावा तसा खोल, ओला आवाज. तो ठेका मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आमचे बाबा भूगोलाचे शिक्षक. नायजेरियातलं यादवी युद्ध संपल्यावर तिथल्या शाळांना शिक्षक हवे होते. बाबा आम्हाला घेऊन न्सुकाजवळच्या एका खेड्यात गेले. मी तिथं लहानाची मोठी झाले, नंदू तिथंच जन्मला. तो जन्मला त्या सकाळी इग्बो शेजारणी गळ्याला पांढरी माती फासून अंगणात गात आल्या होत्या. एकीजवळ ओगेने (लोखंडी घंटा) होती, दुसरीजवळ उडू (वाजवायचा मातीचा घडा). एक बाई ओळ म्हणायची, बाकीच्या झेलायच्या. चाल माझ्या डोक्यात राहिली, शब्द मात्र झिजून गेले. आम्ही अमरावतीला परतल्यावर ते गाणं घरात कुणी काढलं नाही.

मी बाळ मंजिरीकडे दिलं आणि जिना चढले.

दार उघडणाऱ्या मुलीनं मला बघताच आवाज बंद केला आणि माफी मागितली. तिला वाटलं, मी तक्रार घेऊन आले. तिचं नाव इफेओमा, म्हणजे मुलगी इग्बोच. मी इंग्रजीत सांगितलं, बंद करू नकोस, मी तुझ्या मुलखात वाढले आहे. मग दारातच उभं राहून मला आठवत होती तेवढी चाल गुणगुणले. तिनं कान देऊन ऐकलं, दोनदा म्हणायला लावलं आणि नाही म्हणून मान हलवली. ती लागोससारख्या मोठ्या शहरात वाढलेली. असली गाणी तिच्या आजीला येत, आजी गेली. आमच्या गावात आता बाळ झालं की स्पीकर लावतात, असं ती म्हणाली. तिनं मला तळलेली पिकली केळी खाऊ घातली. चव अगदी तीच होती. मला मात्र उगाच रडू येत होतं.

खाली येऊन आईला गाण्याचे शब्द विचारले. ती वाती वळत होती. आठवत नाही म्हणाली आणि वाती वळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई फुलं, नारळ घ्यायला मंडईत गेलो. आईला गर्दी सोसवत नाही, तरी ती हट्टानं आली. खरेदी झाल्यावर म्हणाली, कुंभारवाड्यात जाऊ. तिथं ती एकेक माठ उचलून त्याच्या तोंडावर तळवा मारून बघू लागली. आवाज ऐकायची आणि खाली ठेवायची. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "आजी, पाणी भरायचंय की भजनाला बसायचंय?"

"गायचंय," आई म्हणाली, आणि अरुंद गळ्याचा एक घडा तिनं घेतला.

परतताना रिक्षात ती आपणहून बोलू लागली. अमरावतीला आल्यावर पहिल्याच महिन्यात नंदूला झोपवताना ती ते गाणं म्हणत होती. जावा-नणंदा दारात येऊन ऐकत होत्या. कुणीतरी नक्कल केली, सगळ्या हसल्या. आजेसासूबाईंनी, पोराच्या कानावर असलं काही घालू नकोस, असं बजावलं.

"मी बंद केलं," आई म्हणाली. "त्या बायांनी माझं बाळंतपण केलं होतं गं. आई करणार नाही इतकं केलं. त्यांना कुणी हसलेलं मला ऐकवेना. म्हटलं, नाहीच काढायचं."

मी तिचा हात धरून बसले. म्हात्रे पुलावर वाहनं अडकून पडली होती. आम्हाला कसलीच घाई नव्हती.

घरी आल्यावर आई स्वतः वर गेली आणि इफेओमाला बारशाचं बोलावणं करून आली.

बारशाला सोसायटीतल्या बायका जमल्या. पाळणा फुलांनी सजवला होता, घुगऱ्यांचा वास सुटला होता. इफेओमा हिरव्या साडीत आली, साडी मंजिरीनं नेसवली होती. नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला आणि आईनं घडा पुढे ओढला. तेवढ्यात दारात उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले, "अहो आजी, बारसं आपल्याकडचं आहे ना? की आफ्रिकेतलं?"

नंदू काहीतरी सारवासारव करायला उठला. आईनं त्याला हातानं बसवलं.

"हा माझा मुलगा तिथं जन्मला," ती म्हणाली. "त्याचं पहिलं गाणं तिथल्या बायांनी म्हटलं. त्याच्या मुलीला ते ऐकवायचंय. आपणही बसा."

सेक्रेटरी बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

आईनं पुठ्ठ्याचा तुकडा घड्याच्या तोंडावर मारला. दुम्. पुन्हा दुम्. आणि तिनं गायला सुरुवात केली. आवाज आधी फाटला, मग लागला. शब्द सगळे होते, एकही झिजला नव्हता. इफेओमानं तोंडावर हात ठेवला. पुढच्या ओळीला तिनं झेलायची जागा ओळखली आणि झेलली. स्टीलच्या तांब्यावर चमचा वाजवत ती ठेका धरू लागली. दोन कडवी झाली आणि आई अडली. पुढचं आठवेना. तिनं इफेओमाकडे बघितलं, पण तिलाही ते ठाऊक नव्हतं. मग आईनं हसून पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मीही झेललं. मंजिरीच्या आईनंही दबकत टाळ्या धरल्या.

नंतर इफेओमानं मला सांगितलं, "तुमची आई माझ्या आजीच्या गावाकडचं बोलते. शहरात आम्हाला त्या बोलीवरून हसतात."

नंदूनं मुलीला उचलून घेतलं होतं. तो रडत होता आणि का, ते त्याला सांगता येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून त्या खेड्याचा विचार करत होते. तिथं आईला कुणी नावानं हाक मारत नसे. ती 'मामा सुधा' (सुधाची, म्हणजे माझी आई) होती. बाजारात मोठ्यानं घासाघीस करायची, बायांच्या घोळक्यात डोकं मागे टाकून हसायची. अमरावतीच्या घरात आली ती हळू बोलणारी सूनबाई. मी दोघींना एकच समजत आले होते. इतकी वर्षं मला त्या गाण्याची ओढ आहे असं वाटायचं. बारशाच्या दिवशी कळलं, मला त्या पहिल्या बाईची आठवण येत होती आणि ती कुठं गेली हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आठवड्याभरानं पुण्याला फोन केला. मंजिरीनं उचलला. आई कुठं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "आई वर गेल्यात." मग स्वतःच दचकून म्हणाली, "अहो ताई, म्हणजे वरच्या मजल्यावर. त्या मुलींना पिठलं शिकवायला."

फोनमधून पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती. आणि वरून, जिन्यापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं, आई हसत होती.