दादा आणि ठिबकचे व्हॉल्व्ह

नव्वदच्या आसपास यावलच्या आमच्या केळीत ठिबक सिंचन आलं, आणि त्याच वर्षी माझा चुलतभाऊ, दादा, आजारी पडला. कुणी नसताना त्याला आवाज ऐकू येत. पंपाच्या घरघरीतसुद्धा आपल्याबद्दलच बोलणं चाललंय, असं वाटे. एकदा ऐन उन्हाळ्यात तो सगळे व्हॉल्व्ह बंद करून दोन दिवस गप्प राहिला. औषधांनी तो सावरला, पण नानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला परत व्हॉल्व्हला हात लावू दिला नाही. दादाला तेवढंच काम परत हवं होतं.

जळगावला डॉक्टरांकडे दादाबरोबर मलाही नेलं, मी इंग्रजी शाळेतली म्हणून. डॉक्टर अर्धं इंग्रजीत बोलत. मला कळत होतं. सांगायला मात्र घरातले शब्द सापडेनात. नाना माझ्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी मीच म्हणाले, “डोक्याचा कुठलाच भाग खराब नाही. ते भाग एकमेकांशी जोडलेले असतात, त्या जोडण्यांचा मेळ बदललाय. आपल्या ठिबकसारखं.”

“मंग कोनती नळी बुजली ते इचार. बदलून टाकू.”

मी विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. एक नळी नसते, सगळ्या जाळ्याची घडणच थोडी बदलते. नेमकी कशी, ते अजून शोधतायत, म्हणाले.

शेजारी बसलेला दादा बोलला. “नळी नाही, नाना. दाब. तवा पंप, कावळा, तुमी, सगळं एकाच दाबानं यायचं. कोनाचं ऐकू?”

“अन् आता?”

“आता कावळा कावळ्याएवढाच वरडतो. तुमीच तेवढे जोरात.”

नाना हसले. कितीतरी महिन्यांनी. मग माझ्याकडे न बघता त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं, “कामाला लावू का याला?”

“लावा. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत.”

दुसऱ्या सकाळी दादानं गोळी घेतली आणि पहिला व्हॉल्व्ह उघडला. नानांना तिथे काही काम नव्हतं. तरी ते वाळलेली पानं कापत घुटमळत होते. दादा ओळीनं वाकून प्रत्येक झाडापाशी बोट लावून पाहत चालला. एका ओळीला पाणी येईना. त्यानं नळीचं टोक उघडलं, गाळ वाहू दिला, परत बंद केलं.

“नाना, घरी जा. चहा घ्या.”

नाना गेले. दोनदा वळून पाहिलं, पण गेले.