माळ्यावरचं मुसळ

बेलापूरच्या घरात भरलेलं लोखंडी कपाट सरकवताना त्याच्या पायाखाली मांजरीच्या पिल्लाचं शेपूट अडकलं. आम्हा नवरा-बायकोला कपाट उचलेना. पिल्लाचं किंचाळणं ऐकून दारावरच्या म्हाताऱ्या मासेवालीने पाटी उतरवली.

"मुसल हाय का?"

लग्नाच्या हळदीनंतर माळ्यावर टाकलेलं मुसळ मी काढलं, तिने सांगितल्यावर पाट्यावरचा वरवंटाही आणला. तिने वरवंट्यावर मुसळ टेकवून त्याचं टोक कपाटाखाली घातलं. एक डोळा बारीक करून वरवंटा चार बोटं कपाटाकडे सारला आणि मुसळाच्या दुसऱ्या टोकावर नुसती टाच दिली.

कपाट उचललं गेलं. पिल्लू सुटलं.

"एवढी ताकद, मावशी?"

"माजी कसली, बाय? तुज्याच माल्यावर धूल खात परली व्हती."

ती गेली. मुसळ परत माळ्यावर टाकायला माझा हात धजेना.