कोंबडा की कोंबडी?

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या कुंपणाला बुटकी, काटेरी झुडपं लावली आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यातही ती हिरवीच असतात. यंदा त्यांना काळी फळं धरली. घरी सासूबाईंनी तापानंतर जेवण सोडलं होतं. डबा, औषधं आणि कामाची पाळी यांत मी पार दमून गेले होते. सासूबाईंचं माहेर सह्याद्रीतल्या जंगलालगतचं. त्या करवंदं मागत होत्या आणि बाजारात ती मिळत नव्हती.

"शोभेचं झाड आहे मॅडम, विषारी असेल," ही करवंदं का, असं विचारल्यावर वॉचमन म्हणाला. फांदी मोडली तर पांढरा चीक आला. चीक कण्हेरीलाही येतो, म्हणून मी फळ चाखलं नाही. फळांसकट फांदीच घरी नेली.

सासूबाईंनी पानं चाचपली, जोडीनं आलेल्या काट्यांवरून बोट फिरवलं, फळ हुंगलं.

"करवंदच हाय की. सांग, कोंबडा की कोंबडी?"

"मला काय ठाऊक? माझ्या माहेरी, मैंदर्गीत कुठलं आलंय जंगल?"

"एवढी शिकलीस आन् एवढंबी येत न्हाय!"

त्यांनी फळ अर्धं चावून दाखवलं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. त्यांच्याकडं पोरं आधी ओळखायची पैज लावतात आणि मगच खातात.

मी कोंबडी म्हटलं की कोंबडा निघायचा. मी हरत गेले, त्या खात गेल्या. फांदी रिकामी झाल्यावर म्हणाल्या, "आता वाईच भात टाक. मऊ कर."

पाय ठणकत होते. उठले आणि कुकर लावला.