नकाशावरचं झाड

सज्जनहो, कान देऊन ऐका, बातमी अत्यंत गंभीर आहे: महाराष्ट्र राज्याबद्दलचा पहिला शोध आमच्या शाळेनं लावला! कणकेच्या खळीचा वास आला की मला तो नव्या राज्याचा पहिला हिवाळा आठवतो. अमरावतीजवळच्या आमच्या गावात गुरुजींनी फर्मान सोडलं, "राज्य समजून घ्यायचं तर आधी आपलं गाव समजून घ्या. पुस्तकं मिटा, हिंडा, लोकाइले विचारा." आम्ही शूर संशोधक बोरं खात हिंडलो. दारोदार जाऊन खरं विचारलं ते नुकत्याच बौद्ध झालेल्या वस्तीतल्या एका मुलीनं, म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर काढलेला गावाचा नकाशा शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना दाखवायचा मान तिला मिळाला. नकाशातल्या गावविहिरीशेजारी तिनं लिहिलं होतं, "इथे आम्हाला पाणी भरू देत नाहीत." साहेबांची जीप फाटकाशी आली, तशी गुरुजींनी घाईघाईनं त्या ओळीवर खळ फासली आणि कागदाचं हिरवंगार झाड चिकटवलं. "पोरी, पाहुण्याले असं दाखवाचं नसते." साहेब म्हणाले, "वा, झाड छान काढलंय!" आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मीही होतो, आणि आज इतक्या वर्षांनी मला त्या ऐकू येत नाहीत, त्यांच्यावर चढलेला तिचा आवाज तेवढा येतो: "थे झाड तिथं नाईच! मंग आमाले इचारत हिंडायले कावून सांगतलं, गुरुजी?"