बोंडासारखं पोट

पोट फाटून मरणार, हे मी पहिल्या बाळंतपणाच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मरायची हौस नव्हती मला. पण मरण कोणत्या वाटेनं येणार ते मला पक्कं कळलं होतं, आणि सतराव्या वर्षी बाईला जे कळतं ते ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही.

सहावा महिना सरत आला होता. न्हाणीच्या कुडाआड अंगावर पाणी घेत होते, तर बेंबीखाली बोटांना काहीतरी निराळं लागलं. वाकून बघावं तर पोटच आडवं येई. शेवटी भरल्या घंगाळापाशी उभी राहून पाण्यात बघितलं. तांबड्या-जांभळ्या रेघा होत्या. दोन्ही अंगांनी खालून वर चढत आलेल्या, गांडुळं सरकून गेल्यासारख्या. हात लावला तर गुळगुळीत, आणि कातडी त्या जागी कागदासारखी पातळ झालेली.

एखाद्या शहाण्या पोरीनं कुणाला तरी विचारलं असतं. पण मी कापूसवाल्यांची लेक आणि कापूसवाल्यांचीच सून. मला दुनियेतलं दुसरं काही कळत नसलं तरी कापूस कळत होता. बोंड भरत आलं की हिरव्या सालीवर आधी रेघा उमटतात. मग साल त्याच रेघांवर तडकते आणि आतला कापूस बाहेर लोंबतो. माझ्या पोटावर रेघा उमटल्या होत्या. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती.

आत्याबाईंना, म्हणजे सासूला, सांगायची सोय नव्हती. त्यांनी आधीच बजावलं होतं की पोटाला खाज सुटली तर नख लावायचं नाही, वरून नुसता तळहात फिरवायचा; खाजवलं की चरे पडतात. मी नख लावलं नव्हतं. लाकडी फणीच्या पाठीनं खाजवत होते. फणी म्हणजे काही नख नव्हे, असं माझं वकिली डोकं. आता चरे पडले म्हटल्यावर सगळं माझ्याच अंगावर आलं असतं, आणि वर फणी घाण केली म्हणून बोलणी बसली असती ती वेगळीच. पोट फाटणार याच्या खालोखाल मला त्या फणीची धास्ती होती, यावरून त्या पोरीच्या अकलेचा अंदाज घ्यावा.

घरात तेव्हा माझ्याकडं कुणाचं ध्यानही नव्हतं. राज्यांची वाटणी चालली होती. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी माहेरी परकरात होते. आता हैदराबादचं राज्यच मोडून वाटायला काढलेलं. मराठी मुलूख मुंबईकडं, तेलुगू मुलूख आंध्राकडं. माझं माहेर किनवटच्या अंगाला, ते तिकडं जाणार होतं. आमचं गाव शिव्यासुद्धा मराठीत देणारं, पण ते इकडंच, आदिलाबादेत राहणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्यात धाडायचं म्हणावं तर कापूस वेचणीला आलेला आणि बैल मोकळे नव्हते. आठव्यात गावाची शीव ओलांडायची नाही. म्हणून नववा लागला की पोचवू, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं.

मी नवऱ्याला विचारलं, तोवर वाटणी झाली तर मला तिकडं जाऊ देतील का. तो बाजारातून रोज नवी खबर घेऊन यायचा, आणि न आणलेलीही सांगायचा. नाक्यावर पोलीस बसतील, कागद लागेल, असं त्यानं मोठ्या जाणकारीनं सांगितलं. मग माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाला, "गरवार बाईले थोडीच अडोतेत?" त्याला तरी काय ठाऊक होतं. पण माझ्या मनानं घेतलं की आपण इथंच तडकणार, आणि मायच्या कानावर ते तेलुगूत जाणार.

मग मी बंदोबस्ताला लागले. पोट वाढतं म्हणून रेघा वाढतात, तर पोटच वाढू द्यायचं नाही. जुन्या लुगड्याचा धडपा फाडला आणि कापसाचं गाठोडं आवळतात तसा लुगड्याच्या आतून पोटावर आवळून बांधला. जेवणही अर्ध्यावर आणलं. भाकरीचा निम्मा तुकडा पदराखाली जाई आणि तिथून म्हशीच्या गव्हाणीत. त्या दिवाळीला आमच्या म्हशीच्या अंगावर जी लकाकी आली होती, तशी माझ्या अंगावर कधीच आली नाही. घरातले म्हणत, वाटणीच्या धसक्यानं पोरीचं अन्न तुटलं. आत्याबाई दोन-तीनदा जवळ येऊन काय खावंसं वाटतं ते विचारून गेल्या. मी मान हलवायची.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. आपल्याला किती अवकाश आहे ते कळावं म्हणून मी वावरातून एक भरलेलं हिरवं बोंड तोडून आणलं. रेघा उठलेलं, पण न तडकलेलं. अगदी माझ्या पोटाला जुळेल असं निवडून. ते धान्याच्या खोलीत कणगीच्या काठावर ठेवलं. हे जोवर मिटलेलं आहे तोवर आपल्याला धोका नाही, असा नेम. सकाळी उठलं की आधी बोंड बघायचं, मग चुलीकडं जायचं. लोक उठून देवाला हात जोडतात.

आठवडासुद्धा झाला नसेल. एका सकाळी बघते तर बोंड तडकलेलं. साल मागं वळलेली आणि आतून पांढरा कापूस डोकावत होता.

मी तिथंच कणगीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. हात काढला की संपलं, असं वाटत होतं. चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला तरी उठवेना. त्या वासानंच आत्याबाई आल्या. मला तशी बसलेली पाहून त्यांना वाटलं, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या.

"काऊन बसली अशी? दुखून राह्यलं का?"

मी कणगीवरचं बोंड दाखवलं. मग जे तोंड सुटलं ते फणीपासून सगळं सांगून टाकलं. म्हशीचंसुद्धा. आता हसतील नाहीतर मारतील, असं वाटलं. त्यांनी आधी दाराला कडी घातली.

मग माझ्यासमोर बसल्या आणि निऱ्या खाली सरकवून त्यांनी आपलं पोट उघडं केलं. या बाईचा डोईवरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता. खिडकीतून ऊन येत होतं. पोटभर रेघा होत्या त्यांच्या. पांढऱ्या, चमकणाऱ्या, एकीवर एक चढलेल्या. जसं पाणी आटल्यावर ओढ्याच्या तळाला वाळूवर वळ राहतात.

"पाह्य नीट. फाटलं का हे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"जगले त्यायच्या हायेत, गेले त्यायच्याबी हायेत. कोणती कोणाची, मले नाही सांगता येत." मग बोंडाकडं हात केला. "थे तोडलं तू. तोडलेलं बोंड सुकते, अन् सुकलं का तडकते. तुले कोणी तोडलं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. पण तेवढ्यात त्यांचा हात माझ्या पोटावर आला आणि धडप्याची गाठ त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी ती सोडली. आत कातडीवर लाल वळ उठलेले. आत्याबाईंचा चेहरा असा पडला की माझं हसू तिथंच सुकलं.

"लेकरू कवा हाललं होतं?"

मला आठवेना. मी रेघा बघत होते, बोंड बघत होते. आत कुणी हलतंय का, हे काही मी धड बघितलंच नव्हतं. आदल्या दिवशी? की त्याच्याही आधी?

त्यांनी मला घोंगडीवर डाव्या कुशीला निजवलं. चुलीकडून शिळी भाकर आणली, गूळ आणि तूप घालून कुस्करली आणि घास करून स्वतःच्या हातानं भरवली. मग तळहात माझ्या पोटावर ठेवून बसून राहिल्या.  बाहेरून सासऱ्यांनी हाक मारली, कोंबडी दाराशी येऊन टोचत बसली, आम्ही दोघी तशाच. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, कारण माझ्या पोटात काय चाललंय ते माझ्याआधी त्यांच्या तोंडावर दिसणार होतं. त्या रेघा पोटभर होऊ देत, तोंडावर होऊ देत, नाकावर होऊ देत, पण आतलं हलू दे, असं मी म्हणत होते. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं.

आणि मग लाथ बसली. चांगली सणसणीत. आत्याबाईंचा हात वर उडाला.

"गूळ समजते लेकराले," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि मला जे बोलायचं ते बोलल्या. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नवव्यात मला माहेरी पोचवलं. नाक्यावर पोलीस नव्हते. नाकाच नव्हता. माहेरी लेक झाली, दणकट आणि आरडाओरडा करणारी. पण माझं घाबरणं संपलं म्हणाल तर नाही. मला वाटलं होतं, पोट उतरलं की रेघाही उतरतील. त्या तशाच राहिल्या, आणि त्यांच्याभोवती पोट रिकाम्या थैलीसारखं लोंबायला लागलं. मायनं रिवाजाप्रमाणं ते बांधायला लुगडं आणलं, तर मी किंचाळून उठले. मायला काही कळेना. तिकडं आंध्रात बाळंतिणीचं पोट बांधत नसतील, असं तिनं शेजारणीला सांगितलं. वाटणी होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते, आणि मी माझ्याच मायला तिकडची झाले होते.

तिनं तिळाचं तेल चोळलं. मी चोरून दुधाची साय चोळली, हळद चोळली, डाळीच्या पिठानं घासून घासून कातडी सोलून काढली. रेघा जाग्यावरच. मायनंही मग आपलं पोट दाखवलं असतं, पण मी दोन पोटं बघायला तयार नव्हते. मला एकच चिंता होती: हे नवऱ्याला दिसलं तर. त्यानं मला आणलं तेव्हा ही चिंध्या झालेली कातडी नव्हती. तो काय बोलेल, आणि मी काय उत्तर देईन, याच्या मी रोज तालमी करत होते. रडायचं, रागवायचं, नाहीतर तुमच्याच लेकीनं केलं म्हणायचं, अशी तीन उत्तरं तयार होती.

तो गाडी घेऊन न्यायला आला. वाटेत सागाच्या सावलीत बैल सोडले होते. लेकीला पाजत होते, तर तिनं पायानं पदर ओढला आणि भर दिवसा सगळं पोट उघडं पडलं. मला झाकायला हात मोकळा नव्हता. त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दुखते का?" त्यानं विचारलं.

हे माझ्या तालमींत कुठंच नव्हतं. दुखत तर कधीच नव्हतं. एवढ्या महिन्यांत रेघा दुखतात का, हे कुणी विचारलंही नव्हतं, मी स्वतःलासुद्धा नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खरंच काळजीत पडला होता.

"हो," मी म्हटलं. "धक्का बसला का लई दुखते."

मग त्यानं गाडीत आणखी कडबा पसरला आणि बैलांचे कासरे आखडून धरले. खाचखळगा दिसला की खाली उतरून बैलांच्या पुढं चालायचा. मी मागं टेकून लेकीला पाजत, रान बघत, राणीसारखी घरी आले.