सोजरबाईंनी मारलेले भाडेकरू

रहाटणीच्या जुन्या गावठाणात चिमाजीने बांधलेल्या आठ खोल्यांच्या चाळीत आजवर एकही माणूस मेलेला नाही. माझी पिठाची गिरणी समोरच आहे, सगळ्यांची दळणं मीच दळली, म्हणून खात्रीने सांगतो. लोक आले, कंपनीत चिकटले, ओव्हरटाइम करून फ्लॅट घेतले आणि निघून गेले. मरायला कुणाला फुरसतच नव्हती.

तरीही गेल्या वर्षभरात या चाळीत तीन माणसं गेली. तिघांनाही सोजरबाईंनी मारलं, तेही नुसत्या तोंडाने.

सोजरबाई म्हणजे चाळीत उरलेल्या शेवटच्या भाडेकरू. चिमाजी आडनाव विचारून खोली द्यायचा. सोजरबाईंच्या नवऱ्याचं आडनाव ऐकून त्याने संडासाला लागून असलेली खोली दिली, भाडं मात्र सगळ्यांसारखंच घेतलं. नवरा फाउंड्रीत होता, तो पुढे दवाखान्यात वारला. मुलगा समाधान हिंजवडीजवळ माणला फ्लॅटमध्ये राहतो. आईला बोलावतो, पण अशा आवाजात की माणसाने चहा घेऊन परत फिरावं.

आता चिमाजीचा मुलगा शेखर जागा विकायला निघाला. जागा विकली की खोली पडणार आणि बाई मुलाच्या हॉलमधल्या दिवाणावर जाणार, सुनेची मालिका संपेपर्यंत जागत. बाईंना ते मरणाहूनही नकोसं होतं.

बाई पक्क्या बौद्ध. भिंतीवर बाबासाहेब, खाली बुद्धाची मूर्ती. भूतखेत, उतारे, अंगात येणं, सगळ्याचा निकाल एका शब्दात, "थोतांड." पण जागा बघायला येणारी मंडळी कोण? शेतं विकून गाड्या घेतलेली आणि गाड्यांना लिंबू-मिरची बांधलेली. बाईंनी ते बरोबर हेरलं.

पहिलं गिऱ्हाईक वास्तुवाल्याला घेऊन आलं. बाईंनी पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "जागा लई ग्वाड हाय. फकस्त तिनीसांजंला त्या तिसऱ्या खोलीकडं बगू नका. केसरबाई बसलेली असती." ही केसरबाई तळवड्याला खाणावळ चालवते आणि दोन माणसांचं वजन एकटी बाळगून आहे. गिऱ्हाईक पाणी न पिताच गेलं.

दुसरी आली रश्मी मॅडम, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. "मी असलं काही मानत नाही," असं इंग्रजीत म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, की सासूबाई मानतात. तिच्यासाठी बाईंनी एका वेल्डरला शॉक देऊन मारलं होतं. तो वेल्डर सध्या चाकणला सुपरवायझर आहे.

"मावशी, तुमी जागेचं नाव घालवलं!" शेखर गिरणीसमोर येऊन ओरडला.

"मी काय केलं? लोक इचारत्यात आदी कोन राहत व्हतं. मी सांगती."

मला मनापासून आनंद झाला. चाळीस वर्षं संडासाचा वास घेतलेल्या बाईने मालकाच्या नाकात दम आणला होता.

मग गेल्या महिन्यात शेखर एका जाड्या माणसाला घेऊन आला. गॉगल, गळ्यात साखळी. बाईंनी पाणी पुढे केलं.

"हितं किसन नावाचं पोरगं व्हतं, परभनीकडचं. माझ्या हातची भाकर खायाचं. नोकरी सुटली आन आढ्याला..." पुढचं त्यांनी पदराला सांगितलं.

जाड्याने गॉगल काढला. "मावशे, मीच किसन की! माझा दहावा तरी जेवलीस का?"

शेखर फिदीफिदी हसला. मलाही हसू आवरलं नाही. फक्त सोजरबाई हसल्या नाहीत.

"एका सबदानं न सांगता गेलास," त्या म्हणाल्या. "माझ्यापुरता मेलाच व्हतास तू."

किसनचे डोळे भरले. त्याने वाकून बाईंचे पाय धरले आणि मला वाटलं, वाचली खोली. तो उठला आणि नाक पुसून म्हणाला, "मावशे, तुझे उपकार फिटायचे न्हाईत. ही जागा माझ्या ऐपतीतली नव्हती. तुझ्या भुतांनी गिऱ्हाइकं पळवली, भाव पडला, म्हणून शेखरभाऊ मला द्यायला तयार झाले. काल टोकन दिलं."

तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच कृतज्ञता वाटत होती. त्यामुळेच मला त्याचा जास्त राग आला.

बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "आरं, पन बाकीची भुतं? ती सुखानं ऱ्हाऊ देनार न्हाईत तुला."

"दोन मजले खाली खणणार मावशे, नव्या बिल्डिंगच्या पार्किंगला. भुतांना ऱ्हायला जागाच ठेवत न्हाई बघ."

"आन मला?" सोजरबाईंनी विचारलं.

किसनने शेखरकडे पाहिलं आणि शेखर गाडीची किल्ली शोधू लागला.