मिशी पायजे का जंगल?

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की चाचा आधी त्याला दोन्ही हात पुढे करायला लावत. मग काउंटरखालून एक कापडी थैली काढून त्या हातांवर ठेवत. थैलीत दोन किलो लाखोळीची डाळ. "धरा. मी पन्नास मोजतो. हलाचं नाई." बिचारा आलेला असायचा ताडोब्यासाठी भाड्यानं लेन्स न्यायला, आणि भर दुपारी डाळ हातात घेऊन उभा! तिसाच्या आकड्यापाशी मनगटं थरथरायला लागत. चाचा मोजणं थांबवत. "मोठी लेन्स तुमचं काम नाई. छोटी न्या, आन् वाचलेल्या पैशात अजून एक सफारी करा." वर ती थैलीही सोबत देत, सफारीच्या उघड्या जिप्सीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायला.

चंद्रपुरात त्यांचं दुकान एका बोळात होतं. पूर्वी घड्याळं आणि दुर्बिणी दुरुस्त करायचे. पुढे ताडोब्याच्या मोहर्ली गेटला पर्यटकांची रीघ लागली, तसे ते लेन्सकडे वळले. लोकांनी बुरशी आली म्हणून फेकायला काढलेल्या जुन्या लेन्स ते उघडायचे, काचा पुसायचे, मधली एक कडी बसवायचे, की ती आजोबांच्या वयाची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चालायला लागे. फोकस मात्र हातानं करावा लागायचा. माझ्यासारख्या शाळामास्तराला परवडणारी दुनियेतली ती एकच लांब लेन्स, म्हणजे तोफ. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही. ते मला गुरुजी म्हणत आणि विद्यार्थ्यासारखं रागवत.

थैलीनंतरचा त्यांचा प्रश्न ठरलेला होता. "मिशी पायजे का जंगल?"

बाहेरगावच्या माणसाला काही कळत नसे. मग चाचा समजावत. वाघाच्या मिशीचा केस न् केस मोजायचा असेल तर लांब लेन्स. वाघ, त्याचं पाणी, मागचा बांबू, सगळं हवं असेल तर लहान. आणि आपल्याकडचा वाघ माणसाला बुजत नाही, गाडीच्या बाजूनं निघून जातो, तेव्हा तोफ लावून बसलात तर पस्तावाल. थंडीत पहाटे जाणार असाल तर स्वस्त लेन्स अंधारात आंधळी होते. उन्हाळ्यात दुपारी तीच लेन्स राजासारखी चालते. म्हणून गरिबानं मे महिन्यात जावं. हे सगळं ते फुकट सांगत. एवढं ऐकून निम्मी गिऱ्हाइकं काहीच न घेता परत जात, आणि चाचांना त्याचा आनंदच होई.

मी त्यांचं ऐकलं नाही. तुम्हीही ऐकलं नसतं, खोटं बोलू नका. एका हिवाळ्यात नागपूरहून ओळखीच्या माणसाची भलीमोठी लेन्स मागून आणली. मोहर्लीच्या गेटमधून आत गेलो. पाऊण तासात एक वाघीण रस्त्यावर आली आणि सरळ आमच्याकडे चालायला लागली. सगळी गाडी धन्य झाली. मी घरी येऊन पाहतो तर बत्तीस फोटो, त्यातल्या एकतीस फोटोंत नुसती धूळ. उरलेल्या एकात एक कान. बायकोनं विचारलं, "हे मांजर कोणाचं?" मी तो फोटो चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला. "कान चांगला आला हाय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

आता गंमत ऐका. अख्ख्या तालुक्याला वाघाचे फोटो काढायला शिकवणाऱ्या या माणसानं स्वतः वाघ पाहिलेला नव्हता. चंद्रपुरात राहून! इथे वीज केंद्राच्या कुंपणाजवळ वाघ फिरतो, दूधवाल्याला दिसतो, शाळेतल्या पोरांना दिसतो. चाचा सतरा वेळा जंगलात गेले आणि सतरा वेळा मोर पाहून आले. एकदा ते जेवायला खाली बसले आणि वाघ जिप्सीमागून रस्ता ओलांडून गेला. बाकी सगळ्यांनी पाहिला. "रुसला हाय माह्यावर," ते म्हणायचे. "जाऊ द्या. त्याले बी इज्जत हाय."

हसून सांगायचे, पण मनातून त्यांना ते लागत होतं. कोणी चांगला फोटो घेऊन आला की ते फोटो पाहायच्या आधी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहायचे.

मग त्यांच्या हाताला कंप सुटला. बारका स्क्रू चिमट्यातून निसटायला लागला. हैदराबादचा मुलगा दोन वर्षं बोलावत होता, या खेपेला ते हो म्हणाले. दुकान जूनअखेर रिकामं करायचं ठरलं. पावसाळ्यात जंगलाचे आतले दरवाजे बंद होतात, म्हणजे वाघ दिसायचा तर त्याच्या आतच. तिथे हैदराबादेत कुठला वाघ भेटणार?

मोहर्लीजवळच्या गावातली एक गोंड बाई तिथे गाइड आहे. तिची दुर्बीण चाचांनी तीन वेळा दुरुस्त केली होती आणि तीनही वेळा पैशाऐवजी मोहफुलं घेतली होती. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "गुरुजी, सोमवारी दुपारी आणा त्याईले. एक वाघीण पिलं घेऊन पाण्यावर येऊन राह्यली. पण मी वाघाची ग्यारंटी देत नाई, आताच सांगून ठेवलं."

सोमवारी निघण्याआधी मी दुकानात गेलो आणि डाळीची थैली चाचांच्या हातांवर ठेवली. मी बारा मोजेपर्यंत हात लटपटले.

"छोटी घ्या म्हनाल ना आता?" चाचा हसले.

"म्हणणारच. तुम्हीच शिकवलं."

"नाई गुरुजी. आयुष्यभर लोकायले जंगल देल्लं. मले मिशी पायजे." आणि त्यांनी कपाटातली ती जुनी, लांब, हातानं फोकस करायची लेन्स उचलली. माझ्या कॅमेऱ्यावर ती स्वतः चढवली. लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता त्यांनी.

दुपारचं ऊन असं की दांडीला हात लावला तर चटका. दोन तास काही नाही. मोर आला, तेव्हा चाचांनी तोंड फिरवलं. पाण्यावर चितळं होती, तीही निवांत. याही वेळी नाही झालं तर परतीच्या वाटेवर काय बोलायचं, ते मी मनात जुळवत होतो.

मग सांबर ओरडलं, म्हणजे वाघ जवळ. बाईनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी बंद. "चाचा, उठू नका," ती कुजबुजली. "तुमच्याच बाजूनं येऊन राह्यली."

बांबू हलला आणि वाघीण बाहेर आली. माझ्या दोन ढांगांवर म्हणा ना. चाचांनी लेन्स डोळ्याला लावली आणि गोल कडी फिरवायला लागले. फिरवतात, फिरवतात, काही दिसेना. इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही. हे गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते. "येऊन नाई राह्यलं... गुरुजी, येऊन नाई राह्यलं..." एकदा बटण दाबल्याचा आवाज आला.

बाई हळूच म्हणाली, "चाचा, खाली ठेवा ते. डोळ्यानं पाहा ना."

त्यांनी लेन्स मांडीवर ठेवली. वाघीण थांबली, मान वळवून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. चाचांचा उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला, एखाद्या वडीलधाऱ्याला करावा तसा सलाम त्यांनी तिला केला. ती गाडीला लागून पुढं गेली, रस्ता ओलांडला आणि सागात दिसेनाशी झाली. माझ्या गळ्यात दुसरा कॅमेरा तयार होता, लहान लेन्सचा. मी एकही फोटो काढला नाही. मी चाचांकडेच पाहत राहिलो होतो.

गेटवर उतरून चाचांनी बाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "लई मोठी हाय वं." मग रडले. बाई पदरानं डोळे पुसत हसली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

परत दुकानात येऊन पाहिलं तर त्यांनी काढलेला एकच फोटो होता. पूर्ण चौकटभर पिवळं आणि काळं, पुसट, हललेलं. ना डोळा, ना शेपूट. मी म्हटलं, चाचा, हा काढून टाकू का? ते असे भडकले की मी कॅमेरा घट्ट धरला. "पुसाल तं याद राखा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची चांगली दोन हात लांबीची प्रत काढून घेतली, गुंडाळी केली आणि हैदराबादला जाताना सामानात न ठेवता हातात धरून नेली.

त्या बोळात आता मोबाइलचं दुकान आहे. मी तिथून जाताना अजूनही डावीकडे पाहतो.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. प्रत तिथे बैठकीत लावली आहे. समोरच्या घरातली एक बाई शिरखुर्मा घेऊन आली होती, ती भिंतीपाशी जाऊन बराच वेळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, चाचा, हे कापड कुठलं हो, फार छान आहे.

"मग काय सांगितलं तुम्ही?"

"म्हटलं, मोहर्लीचं हाय," चाचा म्हणाले. "दुकानात नाई भेटत."